पैमाना एक, पटऱ्या अनेक

आगगाडीचे दोन रूळ एकमेकांपासून किती लांब असावेत, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनिअरांचा आहे. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत या एका मापावरून इंग्लंडच्या पार्लमेंटला कायदा करावा लागला, हिंदुस्थानच्या दोन गव्हर्नर जनरलांनी दोन वेगवेगळे निर्णय दिले, आणि त्यांच्या निर्णयांचं ओझं मनमाड, मिरज, कुर्डुवाडीच्या हमालांनी कित्येक दशकं पाठीवर वाहिलं. या मापाला रेल्वेत 'गेज' म्हणतात. मराठीत त्याला रुंदमापी, मीटरमापी, अरुंदमापी असे शब्द आहेत. उर्दू-हिंदी बोलणारे 'बड़ी लाइन' आणि 'छोटी लाइन' म्हणून मोकळे होतात.

हा विषय आज काढायचं कारण मात्र एक खेळणं आहे. खरं तर खेळणंही नाही, खेळण्याचा आराखडा काढायचं सॉफ्टवेअर.

आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी नेरळ स्टेशन दिलं होतं. मॉडेल रेल्वेचा नकाशा संगणकावर काढायची सॉफ्टवेअर मिळतात, त्यातली काही फुकटही आहेत. आधी पैमाना निवडायचा, मग रूळ निवडायचे आणि ते जोडत न्यायचे. मुलांनी 'एचओ' हा जगात सगळ्यात जास्त चालणारा पैमाना निवडला. म्हणजे १:८७, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी प्रतिकृती. थोड्या वेळानं एका मुलानं हात वर केला, "सर, इसमें अपनी पटरी है ही नहीं."

मुलगा बरोबर बोलत होता. त्या यादीतला एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे. १६.५ ला ८७ नं गुणा, १४३५ येतात. १४३५ मिलिमीटर म्हणजे ४ फूट ८॥ इंच, इंग्लंड-युरोप-अमेरिकेचं 'स्टँडर्ड' गेज. मध्य रेल्वेची गाडी मात्र ज्या रुळांवरून नेरळला येते ते १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे ५ फूट ६ इंचांचे. फरक २४१ मिलिमीटरचा, जवळजवळ एक वीत. आणि त्याच नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी फक्त २ फुटांच्या, म्हणजे ६१० मिलिमीटरच्या रुळांवर धावते. त्या यादीत तीही नव्हती. तिथं एकच चौकट आमच्या कामाची होती, 'कस्टम'. म्हणजे तुमचं माप तुम्ही लिहा.

ते माप लिहायचं कसं हे पुढं सांगतो. त्याआधी ते आलं कुठून, ते पाहू.

इंग्लंडात जॉर्ज स्टीफन्सननं खाणींतल्या गाड्यांच्या सवयीतून ४ फूट ८॥ इंचांचं माप पुढं नेलं. ब्रुनेल नावाच्या दुसऱ्या मोठ्या इंजिनिअरनं ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी ७ फूट पाव इंच धरलं. गाडी रुंद असली की स्थिर चालते आणि वेगानं जाते, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दोन कंपन्यांचे रूळ ग्लॉस्टरला भेटले तेव्हा तिथं प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं आणि प्रत्येक प्रवासी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागला. शेवटी १८४६ मध्ये पार्लमेंटनं गेजचा कायदा केला आणि प्रवासी गाड्यांच्या नव्या मार्गांसाठी स्टीफन्सनचं माप नेमून दिलं. ब्रुनेलचे शेवटचे रुंद रूळ उखडायला मात्र १८९२ साल उजाडलं.

या भांडणाच्या काळातच लॉर्ड डलहौसी लंडनच्या बोर्ड ऑफ ट्रेडवर होता आणि रेल्वेचा कारभार त्याच्या हाताखाली होता. १८४८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला तो हा अनुभव घेऊनच. कंपनीच्या संचालकांच्या मनात इंग्लंडचंच ४ फूट ८॥ इंचांचं माप होतं. सरकारचे सल्लागार इंजिनिअर सिम्स यांनी इथली वादळं आणि इंजिनाला लागणारी जागा पाहून ५ फूट ६ इंच सुचवलं. डलहौसीला तर ६ फूट हवे होते. अखेर ५ फूट ६ इंच ठरलं. डलहौसीचा मुख्य आग्रह वेगळाच होता. माप कोणतंही असो, सगळ्या देशात एकच असावं. इंग्लंडची चूक इथं नको.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती याच रुंद रुळांवरून. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस मैल. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८४५ पासून धडपड केली होती, हे आपल्या मुलांना क्रमिक पुस्तकातून थोडंफार कळतं. रुळांच्या मापाचा हा वाद मात्र कुठं शिकवला जात नाही.

डलहौसीचं 'एकच माप' सतरा वर्षं टिकलं. १८६९ मध्ये लॉर्ड मेयो व्हाइसरॉय झाला. मेयो म्हटलं की आपल्या वाचकांना अंदमान आणि शेर अली आफ्रिदी आठवतो. फेब्रुवारी १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअरला तो मारला गेला. पण त्याआधी त्यानं या देशाच्या जमिनीवर एक मोठी रेघ ओढून ठेवली होती. सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता आणि रुंद रुळांचा खर्च झेपत नव्हता. म्हणून कमी रहदारीच्या प्रदेशांसाठी स्वस्त, अरुंद रूळ घालावेत असं ठरलं. त्या वेळी हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायचा विचार चालू होता, तेव्हा रुळांतलं अंतरही बरोबर एक मीटर धरलं गेलं. मेट्रिक मापं आली नाहीत, त्यासाठी स्वातंत्र्यानंतर १९५० चं दशक उजाडावं लागलं. मीटरगेज मात्र आलं. १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी मार्ग सुरू झाला आणि मग हजारो मैल छोटे रूळ पसरले.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वायव्य सरहद्दीकडे, सिंधूच्या खोऱ्यात आणि पेशावरच्या बाजूलाही सुरुवातीला मीटरगेजच ठरलं होतं. लष्करानं आक्षेप घेतला. युद्धात सैन्य वाटेत उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणं परवडणार नाही, असं म्हटलं. १८७४ मध्ये तिथला निर्णय बदलला आणि ब्रॉडगेज घातलं गेलं. सैन्याची अडचण दोन-चार वर्षांत मिटली. धान्याच्या पोत्याची आणि ते वाहणाऱ्या हमालाची मिटायला शंभर वर्षं लागली.

महाराष्ट्रात हा भेद नकाशावर स्पष्ट दिसतो. मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ, नागपूर हा ब्रिटिश मुलखातला कापसाचा आणि बंदराचा रस्ता, तो रुंद. निजामाच्या राज्यात मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची लाइन १९०० च्या सुमारास झाली, ती मीटरगेज. पुण्याहून मिरजेमार्गे दक्षिणेकडे जाणारीही मीटरगेज. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही वऱ्हाडातली 'शकुंतला' आणखी अरुंद, अडीच फुटांची. मराठवाड्यातला माल मुंबईला जायचा तर मनमाडला वाघिणी रिकाम्या करायच्या आणि शेजारच्या फलाटावरच्या दुसऱ्या वाघिणी भरायच्या. मराठवाड्याचे रूळ रुंद झाले ते १९९० च्या दशकात. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणं सांगताना आपण निजाम, दुष्काळ, राजकारण सगळं सांगतो. मनमाडच्या फलाटावर दर खेपेला वाया जाणारे तास आणि ती दुहेरी हमाली आपल्या हिशेबात क्वचितच येते.

अडीच फुटांच्या रुळांची महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी कहाणी बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचं म्हणणं होतं की छोटी गाडी म्हणजे दुबळी गाडी असं नाही. वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं तर अरुंद रुळांवरही भरपूर माल नेता येतो. १८९७ मध्ये त्यानं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू करून हे दाखवून दिलं. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. आषाढी-कार्तिकीचे वारकरी आणि लातूरचा शेतमाल या चिमुकल्या गाडीनं वाहिला. मिरजेला तर पुढं असा काळ आला की रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही रूळ एकाच स्टेशनात होते.

आता २०१६ च्या एप्रिलमध्ये या. लातूर शहर कोरडं पडलं होतं. पाणी आणायचं तर मिरजेहून. १२ एप्रिलला पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, मिळून पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. ती आली मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी. म्हणजे कॅलथ्रॉपच्या त्याच जुन्या वाटेनं. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं तिथले अडीच फुटांचे रूळ काढून ब्रॉडगेज घातलं होतं, म्हणून राजस्थानातल्या कोट्याला साफ केलेल्या टाकी-वाघिणी थेट मिरजेला आल्या आणि तिथून भरून थेट लातूरला गेल्या. मध्ये ९१४ मिलिमीटरचा फरक राहिला असता तर पाणी कुठं तरी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ओतत बसावं लागलं असतं. रुळांतलं अंतर हा तहानेचा प्रश्नही असू शकतो, तो असा.

मग छोटे रूळ ही चूकच होती का? माथेरानकडे पाहिलं की तसं म्हणवत नाही.

नेरळ ते माथेरान हा २१ किलोमीटरचा मार्ग मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधला. आदमजी दाऊदी बोहरा समाजातले, काठियावाडातून मुंबईत आलेले. सैन्याला तंबू आणि बूट पुरवण्याच्या धंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. रेल्वेचं काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये हाती घेतलं आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. सल्लागार होता तोच बार्शीवाला कॅलथ्रॉप. इंजिनं आली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. त्यांचे आस वळणावर थोडे सरकतील अशी खास रचना होती. चढ इतका की काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. अशा डोंगरावर ब्रॉडगेजची वळणं बसवायची तर कडेच्या कडे फोडावे लागले असते. दोन फुटांचे रूळ डोंगराला वळसे घालत, त्याच्या कलानं घेत वर गेले. इथं छोटं माप हेच योग्य माप होतं. गेज चांगलं किंवा वाईट नसतं. ते कुठं आणि कशासाठी घातलंय, आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे पाहावं लागतं.

आता सॉफ्टवेअरमधल्या त्या 'कस्टम' चौकटीकडे येतो. ज्यांना घरी किंवा शाळेत करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी रीत सांगतो.

पहिली गोष्ट, पैमाना आणि गेज हे दोन वेगळे आकडे आहेत. पैमाना म्हणजे सगळं जग किती पटींनी लहान केलं ते. गेज म्हणजे त्या लहान जगातल्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. पैमाना एकदा ठरला की तो सगळ्या नकाशाला लागू. १:८७ धरलं तर आपले आकडे असे येतात: ब्रॉडगेज १६७६ भागिले ८७, म्हणजे १९.२६ मिलिमीटर. मीटरगेज ११.४९. बार्शीचे अडीच फूट ८.७६. माथेरानचे दोन फूट ७.०१. नेरळचा नकाशा काढायचा तर एकाच पैमान्यात दोन गेज नोंदवायची, १९.२६ आणि ७.०१. बरेच जण छोटी गाडी दाखवण्यासाठी पैमानाच बदलतात. मग माथेरानचा प्रवासी नेरळच्या प्रवाशाच्या गुडघ्याएवढा होतो.

दुसरी गोष्ट, नुसतं गेज बदलून भागत नाही. त्याबरोबर स्लीपरची लांबी बदलावी लागते. ब्रॉडगेजचा काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटरचा, म्हणजे मॉडेलवर ३१.६ मिलिमीटर. दोन शेजारच्या मार्गांमधलं अंतर आणि वळणाची किमान त्रिज्या नव्यानं भरावी लागते. सगळ्यात नाजूक काम सांध्याचं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथं रूळ एकमेकांना छेदतात, आणि ती जागा गेजवर अवलंबून असते. गेज वाढलं आणि छेदाचा कोन तोच ठेवला, तर सांधा लांब होतो. पण चाकाची कड जायला ठेवलेली फट त्या प्रमाणात वाढवायची नसते, ती चाकाच्या मापानं ठरते. म्हणून तयार सांधा ओढून-ताणून रुंद केला तर कागदावर छान दिसतो, आणि त्यावरून चाक घसरतं.

तिसरी गोष्ट, तडजोड कुठं करायची ते आधी ठरवा. नेरळ-माथेरानचे २१ किलोमीटर १:८७ मध्ये २४१ मीटर होतात. कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये ते बसणार? तेव्हा अंतर कमी करावंच लागेल, वळणं गाळावीच लागतील. पण गेज आणि पैमाना मात्र बरोबर ठेवता येतात. इंग्लंडमधल्या हौशी लोकांची गंमत पाहा. तिथले जुने छोटे मोटर इंग्लिश इंजिनांच्या १:८७ च्या सांगाड्यात मावेनात, म्हणून कंपन्यांनी गाड्या १:७६ च्या केल्या आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. गेली कित्येक वर्षं बहुतेक इंग्लिश मॉडेल गाड्या अशा आखूड रुळांवर धावताहेत. काहींना ते पटलं नाही. त्यांनी हिशेब केला की बरोबर माप १८.८३ मिलिमीटर येतं, आणि स्वतःच्या हातानं तसे रूळ घातले. म्हणजे 'स्टँडर्ड' म्हणवणाऱ्यांनाही आपलं खरं माप हवं असेल तर ते स्वतः लिहावं लागतं.

मला हा हिशेब इतिहास शिकवताना फार कामाला येतो. आपल्या समाजात आजकाल मोबाइलवर इतिहासाचे दोन प्रकारचे निरोप फिरतात. एकात मुसलमानांनी या देशात काही केलंच नाही असं असतं. त्याला उत्तर म्हणून दुसरा येतो, त्यात सगळं काही मुसलमानांनीच केलेलं असतं. आदमजी पीरभॉयही या ओढाताणीत सापडले आहेत. कुणी त्यांचं नाव गाळून माथेरानची गाडी 'इंग्रजांनी बांधली' म्हणतो. कुणी ती एकट्या आदमजींनी बांधली म्हणतो, आणि त्यात अब्दुल हुसेनही उरत नाहीत, कॅलथ्रॉपही नाही, आणि कडा फोडणारे मजूर तर नाहीतच. एक निरोप आपली माणसं १:१६० मध्ये काढतो, दुसरा त्यांना आहे तशीच्या तशी पूर्ण उंचीची काढून बाकी सगळ्यांना खेळण्यातलं करतो. मुलांना मी एवढंच सांगतो की पैमाना सगळ्यांना एकच लावा. त्या पैमान्यात माणसं लहान-मोठी येतील, पटऱ्या रुंद-अरुंद येतील, त्याला हरकत नाही. आदमजी त्या पैमान्यातही पुरेसे मोठे दिसतात. मुंबईच्या एका मुसलमान व्यापारी घराण्यानं स्वतःच्या पैशानं सह्याद्रीवर रेल्वे चढवली, ही साधी गोष्ट फुगवायची गरज नाही.

आणि ज्याला आज आपण आपलं माप म्हणतो, तेही कायमचं नाही. २०१४ मध्ये मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ती १४३५ मिलिमीटरच्या रुळांवर. संचालकांच्या मनात असलेलं आणि डलहौसीच्या काळात मागं पडलेलं माप दीडशेहून अधिक वर्षांनी मुंबईत आलं. अंधेरीला वर मेट्रो आणि खाली लोकल असे दोन काळ रोज एकमेकांवरून जातात. प्रवासी जिना चढून एका गेजवरून दुसऱ्यावर जातो, आता सामान त्याचं तोच वाहतो.

आमच्या मुलांचा नेरळचा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला आहे. खालच्या कोपऱ्यात त्यांनी उर्दूत आणि मराठीत माप लिहिलंय: पैमाना १:८७, बड़ी लाइन १९.२६, छोटी लाइन ७.०१. तुमच्या गावातून कधी काळी छोटी लाइन जात असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, गाडी कुठं बदलायला लागायची आणि सामान कोण उचलायचं. मग वही काढा आणि तेही लिहून ठेवा. तयार यादीत ते माप नाही.